घराचं एक मत

११ मार्च

सकाळी ओपन स्पेसवर फलक लागला. कॉलनीच्या मधोमध असलेल्या त्या मोकळ्या जागेला आम्ही सगळे ओपन स्पेसच म्हणतो. कागदोपत्री तेच नाव आहे आणि तीस वर्षांत दुसरं कुणी ठेवलं नाही. एका कोपऱ्यात कडुनिंब आहे, बाकी माती आणि खडे. होळी झाली की उन्हाळाभर तिथे बिबडे, म्हणजे शिजवलेल्या ज्वारीच्या पिठाचे पापड, वाळतात. आज एका घराचे, उद्या दुसऱ्या घराचे, अशी पाळी लागते. ज्या घरची पाळी, तिथे सगळ्या जणी आपापला पाट घेऊन पहाटे हजर होतात. बोलावणं कुणी पाठवत नाही. न बोलावता जायचं, तीच रीत.

फलकावर काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा एक चौकोन आहे. त्याच्यासमोर फोन धरला की ‘प्रभागमत’ नावाचं अॅप उघडतं. प्रभाग कार्यालयातला चुडामण नावाचा तरुण माणूस समजावून सांगत होता. ओपन स्पेसवर पेव्हर ब्लॉक टाकून वाहनतळ करायचा, की जागा आहे तशी मोकळी ठेवायची, हे आता नागरिकच ठरवणार. एक घर, एक मत. तीस एप्रिलपर्यंत.

“म्हणजे लोकशाही तुमच्या दारात आली, मॅडम,” तो म्हणाला.

दारात आली म्हणाला तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. दारात न बोलावता येणारे दोघेच. एक विकणारा, दुसरा मागणारा.

नर्मदाबाई शेजारीच उभी होती. ती धुळ्याकडच्या खेड्यातली. दर उन्हाळ्यात भावाकडे येऊन राहते आणि आमच्या पाळ्यांना पीठ शिजवून देते. तिच्या वर्षाच्या कमाईचा बराचसा भार या दोन महिन्यांवरच असतो. “अक्का, हाई काय लिखेल शे?” तिने विचारलं. मी सांगितलं. ती जरा वेळ फलकाकडे बघत राहिली. “मंग आते चूल कोठे मांडू?”

मी म्हटलं, मांडशील इथेच, आम्ही काय पार्किंगला मत देणार आहोत का?

१२ मार्च

आज अॅप उघडलं. मोबाईल नंबर टाकला, तर ‘हा क्रमांक कोणत्याही मालमत्तेशी जोडलेला नाही’ असं उत्तर. चष्मा पुसून पुन्हा टाकला, पुन्हा तेच. तीस वर्षं ज्या घरात राहते, त्याच्याशी माझा काही संबंध नाही, असं एक यंत्र मला सांगत होतं.

पुण्याला मुलाला, नवीनला फोन केला. मीटिंगमध्ये होता तरी उचलला, हे त्याचं कौतुकच. म्हणाला, “असू दे आई, मी बघतो ते. तू नको त्या लिंकांवर जाऊ नकोस. हल्ली फार फसवतात.”

जिवात जीव आला. माझे पती अभिमन गेल्यापासून असली सगळी कामं तोच बघतो. घरपट्टी, वीजबिल, गॅस. वडील आजारी होते तेव्हापासून त्याने पुण्यात बसून भरायला घेतलं, मला रांगेत उभं राहावं लागत नाही. शेजारच्या जैनबच्या झैदनेही मग तसंच सुरू केलं. आमच्या गल्लीतली मुलं गुणी निघाली. आयांना उन्हात जाऊ देत नाहीत.

तरी फोनचं मला भय वाटतंच. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक ऑपरेटर म्हणून मी उमेदीची वर्षं काढली. दोन माणसांच्या मध्ये किती जण कान देऊन बसू शकतात, हे मला ठाऊक आहे. भुसावळच्या कॉन्व्हेंटमधल्या इंग्रजीवर ती नोकरी मिळाली होती. त्या शाळेत मॉनिटर निवडताना सिस्टर आम्हाला बाकावर डोकं टेकवून डोळे मिटायला लावायच्या आणि एकेक नाव घ्यायच्या. त्यांचा एकच नियम होता. आपला हात आपण वर करायचा, शेजारणीचा हात धरून कुणी वर करायचा नाही. आजच्या अॅपमध्ये तो नियम कुठे लिहिलाय, ते मला दिसलं नाही.

१९ मार्च

अॅपवर निकालाची पट्टी दिसते, ती कुणालाही बघता येते. वाहनतळ पुढे आहे, तेही भरपूर.

हे कसं? आमच्या गल्लीत मी एकेकीला विचारलं. सगळ्या म्हणतात, जागा मोकळी राहू दे. पलीकडच्या गल्लीतही तेच. मग ही मतं देतंय कोण? माणसं एक म्हणतात आणि पट्टी दुसरं म्हणते, तेव्हा मध्ये कुणीतरी बोर्डावरच्या कॉर्डची अदलाबदल केलेली असते. एक्स्चेंजमध्ये असतानाचा अनुभव आहे माझा.

कुणाला हवंय पार्किंग? आमच्याकडे आहेत स्कूटर आणि सायकली. मोठं वाहन एकच, जैनबच्या नवऱ्याचा, नूरभाईंचा मालाचा टेम्पो. डाळ मिलची पोती वाहतात. रात्री तो गल्लीत तिरका उभा असतो. दिवाळीला नवीनच्या नव्या गाडीला ओरखडा पडला, तो त्या टेम्पोनेच पाडला असं नवीन अजून म्हणतो.

लिहिलं खरं, पण लिहून बरं वाटलं नाही. जैनब माझी वीस वर्षांची शेजारीण.

२४ मार्च

संध्याकाळी भाजी घेऊन येताना पाहिलं. फलकापाशी नूरभाई आणि तो चुडामण डोक्याला डोकं लावून उभे. नूरभाईंच्या हातात फोन होता, चुडामण त्यावर बोटाने काहीतरी दाखवत होता. मला बघितल्यावर नूरभाईंनी फोन खिशात घातला आणि म्हणाले, “काय ताई, मेथी महागली का?”

मेथीचं विचारायचं होतं तर फोन का लपवला?

नवीनला सांगितलं. तो जरा थांबून म्हणाला, “असेल गं. त्यांचा टेम्पो आहेच ना. पण तू कशाला त्यात पडतेस, आई? जेवलीस का?”

किती काळजी करतो.

३१ मार्च

ईद. जैनबने सकाळीच शिरखुर्मा पाठवला, झैदच्या हाती. चार दिवस सुट्टी काढून आलाय. नवीनच्याच वर्गातला हा. लहानपणी दोघं कडुनिंबाखाली गोट्या खेळायचे आणि जिंकल्या-हरल्याची भांडणं घेऊन माझ्याकडे यायचे. आज वाटी टेबलावर ठेवून घुटमळत उभा राहिला.

“काकू, नवीनचं काही बोलणं झालं का तुमच्याशी? त्या जागेचं?”

तेवढ्यात दारात जैनब. “झैद, मेहमान आलेत घरी, तू इथे काय थांबलास? चल.” त्याला जवळजवळ ओढूनच नेलं. जाताना माझ्याकडे बघितलं, ते डोळे काही नेहमीचे नव्हते.

काय बोलणार होता तो? बापाच्या वतीने काही कबूल करणार होता का? म्हणून आईने तोंड बंद केलं? शिरखुर्मा दरवर्षीसारखाच होता, तरी मला आज तो गोड लागला नाही. वाटीत खारीक जास्त होती. मला आवडते हे तिला माहीत आहे.

६ एप्रिल

आज जैनबची पाळी होती. मी गेले नाही.

गुडघा दुखतोय असा निरोप दिला. खिडकी लावून घेतली तरी आवाज येत होता. ओल्या कापडावर शिजलेलं पीठ थापल्याचा, पाट सरकल्याचा, हसण्याचा. कुणीतरी नर्मदाबाईला म्हणत होतं, तीळ कमी पडलेत. पहिल्या घाण्यातलं गरम पीठ तेल घालून वाटीत खायचं असतं. दरवर्षी माझी वाटी जैनबच भरते.

वीस वर्षांत कुणाच्या पाळीला न जायची ही माझी पहिली वेळ. गुडघा संध्याकाळपर्यंत खरंच दुखायला लागला.

८ एप्रिल

आज गल्लीतल्या बायका कडुनिंबाखाली बसल्या होत्या. पट्टीचाच विषय. कुणी म्हणे बाहेरचे लोक मतं टाकतात, कुणी म्हणे यंत्रच तसं बनवलंय. मी म्हटलं, “यंत्राला काय करायचंय पार्किंग? ज्यांच्या दारात मोठं वाहन आहे, त्यांनाच हवंय.”

बोलले आणि बघते तर जैनब मागे नळावर बादली भरत होती. नळ चालू होता, तरी तिने ऐकलं. बादली अर्धीच भरली होती. तशीच उचलली आणि गेली. 

निरपराध माणूस भांडला असता. असं मी मनाला सांगतेय.

१४ एप्रिल

जयंतीला नवीन आला. एकटाच आला, सूनबाईला सुट्टी नव्हती. घर भरल्यासारखं झालं. सकाळी पुतळ्याला हार घालून आलो, दुपारी वरणबट्टी आणि वांग्याची भाजी केली. त्याने चार बट्ट्या खाल्ल्या.

गाडी ओपन स्पेसवर लावली होती. जेवणानंतर बघते तर तो तिथे पावलं टाकत फिरतोय, या टोकापासून त्या टोकापर्यंत. परत येऊन म्हणाला, “पुढच्या वेळी इथे खडे नसतील, आई. बघ तू.” मला हसू आलं. मुलगा आशावादी आहे. निदान खडे तरी कुणी उचलेल, एवढा विश्वास त्याला अजून आहे.

नर्मदाबाईच्या चुलीच्या विटा कडुनिंबाखाली रचलेल्या आहेत. गाडी काढताना त्याच्या चाकाखाली एक वीट आली आणि तिचे दोन तुकडे झाले. “कुणी ठेवल्यात इथे मधेच?” म्हणाला. मी म्हटलं, मधे कुठे, तिथेच असतात त्या. तू पाचवीत होतास तेव्हापासून.

राहणार होता दोन दिवस. उद्या सकाळी काम निघालं म्हणून आजच गेला.

२१ एप्रिल

झोप नीट लागत नाही. पट्टी तशीच आहे. शेवटी ठरवलं, तक्रार करायची. नाव घेऊन करायची. चांगल्या कोऱ्या कागदावर, सिस्टरांनी वळवलेल्या अक्षरात अर्ज लिहिला. ‘आमच्या गल्लीतील एक वाहनधारक इतर घरांची मते स्वतः टाकत असल्याचा संशय आहे.’ खाली नूरभाईंचं नाव लिहिलं. दोनदा वाचला. मराठी निर्दोष होतं.

२२ एप्रिल

जे घडलं ते घडलं तसं लिहिते.

प्रभाग कार्यालयात चुडामण होता. अर्ज पर्समध्ये होता. तो काढायच्या आधी म्हटलं, नीट चौकशी करावी. त्याला विचारलं, “आमच्या भागातल्या घरांची मतं भलताच कुणी टाकत असेल तर?”

“नाही टाकता येणार, मॅडम. घरपट्टीच्या नोंदीत जो मोबाईल आहे, त्यावरच कोड जातो. तुमचा मालमत्ता क्रमांक सांगा, तुमचंच दाखवतो.”

सांगितला. त्याने पडदा माझ्याकडे वळवला.

“हे बघा, तुमच्या घराचं मत तर पहिल्याच आठवड्यात पडलंय. वाहनतळाला.”

मी म्हटलं, मी दिलेलंच नाही. तेव्हा त्याने नोंदीतल्या नंबराचे शेवटचे चार आकडे वाचून दाखवले.

आयुष्यभर मी लोकांचे नंबर लावले, पण पाठ असे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच. हा त्यातला एक.

“मुलाचा असेल ना?” चुडामण म्हणाला. त्याला काही विशेष वाटलं नव्हतं. “सगळ्यांचं असंच आहे, मॅडम. घरपट्टी जो भरतो, त्याचाच नंबर लागलेला असतो. या कॉलनीतली निम्मी मतं तर पुण्यातून आलीत. महिन्यापूर्वी ते टेम्पोवाले भाऊ आले होते, त्यांच्याही मुलाने परस्पर दिलं होतं. मत कसं बदलायचं, ते विचारत होते.”

“बदलता येतं?”

“तीस तारखेपर्यंत. कोड मात्र त्याच नंबरवर जाणार.”

अर्ज पर्समध्येच राहिला. घरी येऊन त्याचे तुकडे केले आणि केराच्या डब्यात टाकले. मग भीती वाटली, म्हणून पुन्हा काढून गॅसवर जाळले.

२३ एप्रिल

नवीनला फोन केला. त्याने लपवलं नाही, हेच मला जास्त लागलं. त्याच्या दृष्टीने त्यात लपवण्यासारखं काही नव्हतंच.

“मी सांगितलं होतं ना आई, मी बघतो म्हणून. बघितलं.”

“मला विचारलं नाहीस.”

“अगं, तुझ्यासाठीच केलं. गाडी लावायला धड जागा नाही, दर वेळी ओरखडे. हिला तर यायलाच नको वाटतं. पार्किंग झालं तर आम्ही महिन्याला येऊ. तुला नकोय का ते?”

मी फोन ठेवला.  महिन्याला येऊ, हे शब्द गेल्या तीन वर्षांत त्याने पहिल्यांदाच उच्चारले. खरं लिहायचं तर दुपारभर मी त्या वाहनतळावर त्याची गाडी उभी बघत होते. कडुनिंबाखाली, सावलीत. मागच्या सीटवर अजून न झालेली नातवंडं.

एका जागेसाठी मुलाचं येणं घालवायचं का? आणि तो खरंच येईल का? आता त्याच्या शब्दावरही मला संशय येतोय. ही सवय लागली की कुठे थांबायचं, ते कळत नाही.

२५ एप्रिल

जैनबकडे गेले. ती लसूण सोलत बसली होती. मला बघून उठली नाही, पण शेजारची गोणी झटकून मला बसायला जागा केली. मीही चार पाकळ्या घेतल्या.

“मला सगळं कळलं,” मी म्हटलं.

“अच्छा.”

“तुला माहीत होतं?”

“झैदने सांगितलेलं, ईदच्या आधीच. त्या सगळ्या पोरांचा ग्रुप आहे ना. सगळ्यांनी मिळून पार्किंग ठरवलं. झैदनेपण दिलं होतं. मी म्हटलं, ईदला ये तू, शिरखुर्मा तुला पार्किंगमध्ये वाढते. मग बदललं त्याने.”

“मग मला का नाही सांगितलंस? मी नूरभाईंना काय काय समजले.”

“समजा की.” ती लसणाकडेच बघत होती. “टेम्पोवाल्याला रोजच कोणी ना कोणी शिव्या देतं, मित्राताई. त्यांना सवय आहे. तुमचा तर एकच मुलगा. अभिमनभाऊ गेल्यापासून तुमचा सगळा दिवस त्याच्या एका फोनवर निघतो. मी येऊन सांगू, की बघा, तुमच्या मुलाने असं केलं?”

मी हातातली पाकळी सोलत राहिले.

“पण पाळीला नाही आलात,” ती म्हणाली, “ते मात्र मला लागलं.”

लसणाचा वास हाताला होता, त्यामुळे डोळेही पुसता येईनात.

उठताना मी सांगितलं, परवा माझी पाळी आहे. एवढं सांगायची रीत नाही, तरी सांगितलं. ती म्हणाली, “रीत सोडू नका, ताई. मी न सांगताच येणार होते.”

२७ एप्रिल

माझी पाळी. आजचं सविस्तर लिहायला हवं.

नर्मदाबाईने उजाडायच्या आत चूल पेटवली. मोडलेल्या विटेच्या जागी तिने कुठून तरी नवी आणली होती. ज्वारीच्या पिठात लसूण, मिरची, जिरं, तीळ. ते शिजल्याचा वास सुटला आणि एकेक करून सगळ्या आल्या. जैनब पाट घेऊन पहिली. मी ओली कापडं अंथरली. ऊन वर यायच्या आत निम्मं काम झालं.

मग मी पीठ थापता थापता सगळं सांगून टाकलं. आपली मतं कुणी चोरली नाहीत. ती आपल्याच मुलांकडे आहेत.

 एकीला पटेना, तिचा वना असं करणारच नाही म्हणे. नर्मदाबाई चुलीपाशी तोंडावर पदर घेऊन हसायला लागली.

“तुमनं मत तुमना पोऱ्याना फोनमा शे? मंग तुमनी भूक बी त्यालेच लागस का?”

त्यावर सगळ्याच हसल्या. हसून झाल्यावर जैनब म्हणाली, “रविवार आहे. पोरं झोपलेली असतील. लावा फोन.”

मग जे सुरू झालं ते माझ्या एक्स्चेंजमध्येही कधी झालं नसेल. कडुनिंबाखाली सगळ्यांचे हात पिठाचे. करंगळीने अॅपमध्ये मुलाचा नंबर टाकायचा, मग त्यालाच फोन लावायचे, कानाला न धरता मोठ्या आवाजावर ठेवायचे. चहूबाजूंनी पुणं बोलत होतं.

“काय रे वना, पार्किंगला मत तू दिलं?... मग कोणी दिलं, तुझ्या फोननं?”

“कोड येईल तो सांग. का म्हणजे? माझं घर आहे म्हणून.”

“आई, मी जिममध्ये आहे.”

“मग आकडे उचल आणि सांग.”

ज्यांचा नंबर लागत नव्हता त्यांचा मी लावून देत होते. कुणाला आकडे ऐकू येत नव्हते, ते मी मोठ्याने परत म्हणून दाखवत होते. सगळीच मुलं ऐकत होती असं नाही. एकाने आईला सरळ सांगितलं, तुला कळत नाही त्यातलं. तिने फोन ठेवला आणि पुन्हा पाटाकडे वळली. तिचे पुढचे बिबडे जाड झाले. 

शेवटी माझा राहिला. जैनब माझ्याकडे बघत नव्हती, मुद्दाम.

नवीनने लगेच उचलला. मी म्हटलं, “मला आपल्या घराचं मत बदलायचंय. तुझ्याकडे कोड येईल.”

“आई, परवा बोललो ना आपण?”

“तू बोललास. मी ऐकलं.”

“मग मी आल्यावर गाडी कुठे लावायची?”

“आपल्या फाटकात. मोगऱ्याच्या कुंड्या मी आत घेते.”

 मागे कुठेतरी कुकरची शिट्टी झाली. म्हणजे घरीच होता. मी किती वेळ थांबले कोण जाणे. मग मला काय सुचलं, तो लहान असताना घरी फार वेळ फोनवर बोलत बसला की मी त्याच्या कानाशी ज्या आवाजात म्हणायचे, त्याच ट्रंक कॉलवाल्या ऑपरेटरच्या आवाजात म्हटलं, “तीन मिनिटं झाली. वाढवून देऊ?”

तो हसला. मनापासून हसला की नाही ते कळलं नाही, पण हसला. आणि सहा आकडे सांगितले. मी ते मोठ्याने परत म्हटले. जैनबने हात पुसून माझ्या फोनवर दाबले, कारण माझे अजून पिठाचे होते.

दुपारी बिबडे उचलताना कापडाला मागून पाण्याचा शिपका मारला, अलगद सुटून निघाले. एकही फाटला नाही.

नवीनने संध्याकाळी फोन केला नाही. रोज करतो.

२ मे

निकाल लागला. जागा मोकळी ठेवावी, या बाजूने थोडी जास्त मतं पडली.

हे मला नवीनकडून कळलं. निकालाचा मेसेज त्याच्याच फोनवर गेला. त्याने तो पुढे पाठवला, सोबत काही लिहिलं नव्हतं. मेसेजच्या शेवटी ओळ होती. ‘नागरिकांच्या मताचा योग्य तो विचार करण्यात येईल.’

मी लगेच जैनबकडे गेले. म्हटलं, बघ, विचार करण्यात येईल म्हणे. म्हणजे काही खरं नाही. एवढी मतं घेतल्यावर आता आणखी कसला विचार?

ती गच्चीवर बिबड्यांना दुसरं ऊन देत होती. “करू देत विचार,” म्हणाली. “तोवर आपले वाळतील.”

संध्याकाळी नवीनचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलला. ठेवताना म्हणाला, “कुंड्या एकटीने उचलू नकोस. मी आल्यावर घेऊ आत.” कधी येणार, ते बोलला नाही. मीही विचारलं नाही.

६ मे

आज मी आणि जैनब कार्यालयात गेलो, घरपट्टीच्या नोंदीत आमचे नंबर लावायला. तिचं काम सोपं होतं, नूरभाई सही करून मोकळे झाले होते. माझं घर अजून अभिमनच्या नावावर. वारस नोंदीचे कागद, त्यांचा मृत्यूचा दाखला, माझं आधार. सगळं नेलं होतं. चुडामणने एकेक पान उलटून पाहिलं. त्यांच्या दाखल्यावर त्याचं बोट जरा थांबलं, मग पुढे गेलं.

“आता नंबर पडताळून बघायला लागेल,” म्हणाला आणि टेबलावरचा फोन उचलून फिरवू लागला.

माझ्या पर्समध्ये वाजायला लागलं.

“मी समोरच उभी आहे,” मी म्हटलं.

“हो मॅडम, पण उचला. फोनवरच विचारायचा नियम आहे.”

मी काढला, कानाला लावला. काउंटरच्या काचेच्या पलीकडे त्याचे ओठ हलत होते आणि आवाज माझ्या कानात थोडा मागून येत होता. मागे जैनब हसू दाबत होती.

“संघमित्रा अभिमन?”

“बोलतेय.”

“या मालमत्तेशी तुमचं नातं काय?”

पत्नी, वारस, आई. बरेच शब्द आठवले.

“मी तिथे राहते,” मी म्हटलं.

त्याने मान डोलावली आणि काहीतरी लिहिलं. काय लिहिलं आणि कोणत्या रकान्यात, ते काचेतून मला दिसलं नाही. उद्या पुन्हा जाऊन बघणार आहे.